सारथ्याचे खांदे

मंडळी, शाळेत मी तीसेक वर्षे इतिहास शिकवला. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या. पालखीतून कोण आले हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेत असू, पण पालखी वाहणाऱ्या भोयांच्या खांद्यांना किती घट्टे पडले हे क्रमिक पुस्तकात कधी आले नाही. रथात कोण बसले हे सगळ्यांना ठाऊक. रथ हाकणारा दिवसभर कसा बसला असेल, हा प्रश्न परीक्षेत कधी विचारला गेला नाही.

माझे बरेच जुने विद्यार्थी आज गाड्या चालवतात. कुणी ट्रकवर आहे, कुणी टॅक्सीवर, कुणी रोज चाळीस-पन्नास किलोमीटर स्वतःची गाडी हाकत नोकरीला जातो. भेटले की वाकून नमस्कार करतात आणि वाकताना हमखास "आई गं" म्हणतात! एक जण म्हणाला, "सर, संध्याकाळी घरी गेलो की उजवा हात डोक्यापर्यंत नेऊन केस विंचरता येत नाहीत." त्याचे वय पस्तीस. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले की चालकाच्या खांदेदुखीलाही चांगला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा लेख त्याविषयी.

आधी खांदाच का दुखतो ते पाहू. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतो. सत्तर किलोच्या माणसाचा हात म्हणजे साडेतीन किलो. हात खाली लोंबत असतो तेव्हा हे ओझे जाणवत नाही. तोच पुढे धरला की मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेले स्नायू ते वजन पेलत राहतात. स्नायू आवळले-सैलावले तर त्यांतून रक्त खेळते. ते एकाच अवस्थेत आवळून राहिले तर रक्त कमी पोचते आणि ते भरून येतात. आम्हा शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. फळ्याच्या वरच्या टोकाला पंधरा मिनिटे लिहून पाहा. खडूचे वजन ते काय! पण हात दगडासारखा होतो. चालकाचे तेच होते, फक्त त्याचा तास पस्तीस मिनिटांनी संपत नाही.

आता इतिहासाकडे वळू. १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्या गाडीला आजच्यासारखे गोल चाक नव्हते. पुढचे चाक वळवायला एक उभा दांडा आणि त्यावर हाताने फिरवायची लहानशी मूठ होती. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेंझ यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी याच मोटारीने गेल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडे लावून घेतले आणि इंधन एका औषधाच्या दुकानातून विकत घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. हा प्रवास सगळे सांगतात. मी मात्र तो वाचला तेव्हा माझ्या मनात आले की खडीच्या रस्त्यावरचा प्रत्येक धक्का त्या मुठीतून थेट मनगटात आणि खांद्यात जात असणार. त्या रात्री बर्थाबाईंचे हात किती दुखले असतील, याची नोंद मला कुठे सापडली नाही.

१८९४ साली पॅरिस ते रूआँ अशी मोटारींची स्पर्धा झाली. तीत अल्फ्रेड वाशरों नावाच्या फ्रेंच गृहस्थाने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवले. दांडा एका हाताने रेटावा लागे. चाकाला दोन हात लागले, भार दोन्ही खांद्यांत वाटला गेला आणि चाक-दांड्यामधल्या दात्यांमुळे थोड्या जोरात जास्त काम होऊ लागले. १८९८ पासून पानार कंपनीच्या गाड्यांत चाक नेहमीचे झाले. सुरुवातीला त्याचा दांडा सरळ उभा असे, पुढे तो चालकाकडे कलता झाला. ऐकायला ही किरकोळ गोष्ट आहे, पण तिच्यामुळे चालकाला पाठ टेकून चाक धरता येऊ लागले.

त्या काळात गाडी सुरू करणे हेही एक दिव्य होते. पुढे उभे राहून लोखंडी हँडल जोरात फिरवायचे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचे. मनगटाच्या त्या विशिष्ट मोडण्याला डॉक्टर आजही 'शोफरचे फ्रॅक्चर' म्हणतात. (शोफर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी तापवणारा. वाफेवरच्या गाड्यांपासून तो चालकाला चिकटला.) १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि मनगटे वाचली. खांद्यांना मात्र अजून बरीच वाट पाहायची होती.

ही वाट पाहण्याची हकीकत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत गाड्या जड झाल्या, टायर रुंद झाले. उभ्या गाडीचे चाक वळवायचे तर अंगातला सगळा जोर लागे. फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम करत होता. ट्रकचालकांचे हाल तो रोज पाहत असे. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी स्वतःचे काम सुरू केले आणि तेलाच्या दाबाने चाक वळवायला मदत करणारी यंत्रणा बनवली. पंप तेल सतत फिरवत ठेवतो, चालकाने चाक जरा वळवले की झडप सरकते आणि तेलाचा दाब त्या बाजूला रेटा देतो. यालाच आपण पॉवर स्टीअरिंग म्हणतो. १९२६ साली ती बसवलेली गाडी रस्त्यावर धावत होती. डेट्रॉइटला जाऊन त्याने ती जनरल मोटर्सला दाखवली आणि करारही झाला.

मग मंदी आली. खर्चाचा हिशेब मांडला गेला आणि १९३४ साली जनरल मोटर्सने हे काम थांबवले. एवढ्या कमी गाड्या खपणार असतील तर यंत्रणा परवडत नाही, असे ठरले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा मात्र हीच यंत्रणा हजारो चिलखती आणि लष्करी वाहनांत बसली, कारण तिथे चाक वेळेवर वळले नाही तर माणूस मरतो. सामान्य ग्राहकाच्या गाडीत ती आली ती १९५१ साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. तोवर डेव्हिसच्या काही पेटंटांची मुदत संपली होती आणि क्रायस्लरने त्यांचाच आधार घेतला. ते पाहून जनरल मोटर्सने डेव्हिसला परत जवळ केले आणि पुढच्याच वर्षी आपल्या महागड्या गाड्यांत ती यंत्रणा दिली.

१९२६ आणि १९५१. मधली पंचवीस वर्षे. उपाय सापडलेला होता, चाचणी झालेली होती, गाडी चालवून दाखवलेली होती. या पंचवीस वर्षांत जगभरचे चालक चाकाशी झुंजत राहिले. त्यांच्या खांद्यांची किंमत हिशेबाच्या वहीत कुठल्याही रकान्यात बसत नव्हती, एवढेच याचे कारण.

आपल्याकडे ही पंचवीस वर्षे आणखी लांबली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एसटी धावली. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक. त्या वर्षी आणि त्यानंतरची कित्येक वर्षे घाटातली नागमोडी वळणे चालकांनी केवळ दंडाच्या जोरावर काढली. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या ट्रकांची थाळ्याएवढी मोठी चाके आठवून पाहा. चाक जितके मोठे तितका कमी जोर लागतो, हे खरे. पण तेवढे मोठे चाक फिरवायचे तर हात खांद्याच्या वर जातात, पाठ आसनावरून सुटते आणि चालक अक्षरशः चाकावर ओणवा होतो. खंबाटकी किंवा आंबा घाटात पुढच्या ट्रकचा चालक असा अर्धवट उभा राहून चाक ओढताना आम्ही एसटीच्या खिडकीतून किती वेळा पाहिला आहे!

मोटारींचे वेगळे नव्हते. १९५७-५८ पासून आलेली ॲम्बॅसॅडर आणि कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, या दोघींनी आपले रस्ते तीन-चार दशके व्यापले. पुढे लांब बाकासारखे आसन, पाठीला वेगळा आधार नाही, गिअरचा दांडा चाकाखाली डाव्या बाजूला. म्हणजे दर चौकात डावा हात उचलून पुढे न्यायचा. उजवा हात तरी मोकळा? छे! त्याला हाताचे इशारे होते. वाहतुकीचे १९८९ सालचे नियम पाहिले तरी त्यांत लिहिलेले सापडते: उजवीकडे वळायचे तर उजवा हात खिडकीबाहेर आडवा पूर्ण लांब करायचा, वेग कमी करायचा तर तो बाहेर काढून पंजा खाली करून वरखाली हलवायचा. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने दिवसातून हा व्यायाम किती वेळा केला असेल, कल्पना करा. आणि इशारा नसेल तेव्हा तोच उजवा कोपर खिडकीच्या कडेवर टेकलेला. ती कड उंच, त्यामुळे उजवा खांदा तासन् तास कानाकडे उचललेला. माझ्या विद्यार्थ्याचा उजवाच खांदा का दुखतो, याचे उत्तर बहुधा इथे आहे. गाड्या बदलल्या, इशारे गेले, कोपर मात्र अजून खिडकीतच आहे.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. कारखान्याने जे दिले नाही ते आपल्या चालकांनी स्वतः शोधून काढले. पांढरा पंचा घडी करून कमरेमागे ठेवणे, लाकडी मण्यांचे आसन अंथरणे, चाकाला प्लॅस्टिकची वेणी गुंडाळून पकड जाड करणे. आपण याला हौस म्हणून हसलो. आता तिकडे स्वीडनमध्ये काय चालले होते ते पाहा. बेंग्ट ऑकरब्लूम नावाच्या डॉक्टरने १९४८ साली उभे राहणे आणि बसणे यावर एक पुस्तक लिहिले आणि सांगितले की बसणाऱ्याच्या कमरेच्या खोलगट भागाला मागून आधार हवा. १९६०च्या दशकाच्या मध्यास व्होल्वोने कमरेचा आधार कमीजास्त करता येईल अशी आसने मोटारीत दिली. १९७४ साली अँडरसन आणि नाखेमसन या स्वीडिश डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या आसनावर बसलेल्या माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. पाठ मागे कलली आणि कमरेला आधार दिला की दाब कमी होतो, असे दिसले. १९७५ साली अमेरिकेतल्या केल्सी आणि हार्डी यांनी दाखवले की ज्या पुरुषांचा कामाचा निम्मा किंवा अधिक वेळ गाडी चालवण्यात जातो त्यांच्यात चकती सरकण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो.

सुई घालून जे मोजले ते आपल्या टॅक्सीवाल्याच्या पंचाला आधीच ठाऊक होते! कमरेचा आणि खांद्याचा संबंध काय, असे कुणी विचारील. कंबर मागे ढेपाळली की पाठीला पोक येते, पोक आले की खांदे पुढे गोल होतात, मान पुढे निघते आणि डोक्याचे चार-पाच किलो वजन त्याच मान-खांद्याच्या स्नायूंवर लटकते. घराच्या पायात खोट असेल तर भेग वरच्या मजल्यावर दिसते, तसेच हे.

पुढे सुविधा हळूहळू आल्या. १९६३ साली जनरल मोटर्सने वरखाली कलवता येणारे चाक आणले. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत विजेवर चालणारे पॉवर स्टीअरिंग आले. त्याला तेलाचा पंप लागत नाही, म्हणून ते लहान गाडीलाही परवडले. आज आपल्याकडच्या मोटारींचे चाक एका बोटाने वळते. मग खांदे दुखायचे थांबले का? नाही. आणि याचे मला सुरुवातीला फार आश्चर्य वाटले.

वाचल्यावर उलगडा झाला. पूर्वी खांदा दुखे तो जोर लावल्याने. आता दुखतो तो न हलल्याने. पूर्वी वळणावळणावर हात हलत, गाडी तापे म्हणून थांबावे लागे, पाणी घालताना चार पावले होत. आता २००२ सालच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर हात एकाच जागी दोन-दोन तास धरलेले असतात. जोर गेला, पण धरून ठेवणे उरले. त्याला शहरातल्या कोंडीचा ताण जोडला की खांदे नकळत वर चढतात आणि तिथेच राहतात.

म्हणून यंत्राइतकाच कायदाही महत्त्वाचा. आपल्याकडे १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम न करता निदान अर्धा तास विश्रांती, असे त्यात होते. युरोपात २००६च्या नियमानुसार जड वाहनांच्या चालकाला साडेचार तासांनी पंचेचाळीस मिनिटे थांबावेच लागते. आपला तो कायदा चांगला होता, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होई. स्वतःचाच एक ट्रक किंवा टॅक्सी चालवणारा त्याच्या बाहेर राहिला. तो थांबला की त्याचा हप्ता थकतो. ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले ते थेट २०२५ पासूनच्या नव्या ट्रकांत. आंबे आणि औषधे थंडगार ट्रकमधून जात होती, त्यांना नेणारा माणूस इंजिनाच्या धगीशेजारी बसत होता. डेव्हिसची पंचवीस वर्षे आपल्याकडे अशी अजून सरायची आहेत.

असो. कायदा होईल तेव्हा होईल, आपल्या हाती जे आहे ते तरी करू. मी डॉक्टर नाही, पण वर सांगितलेल्या इतिहासातून जे निघते ते क्रमाने सांगतो.

आधी आसन, मग चाक, मग आरसे. कंबर आसनाच्या मागच्या टोकाला भिडवून बसावे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतके आसन पुढे घ्यावे. पाठ किंचित मागे कलती असावी, आरामखुर्चीसारखी नव्हे. आता पाठ न सोडता हात लांब करा: मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. फक्त बोटेच पोचत असतील तर तुम्ही लांब बसला आहात आणि दिवसभर खांदे पुढे ओढले जाणार. छाती आणि चाकाचा मध्य यांत मात्र निदान पंचवीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत-सव्वा वीत जागा असावी, कारण तिथे एअरबॅग असते. कमरेमागे आधार नसेल तर आपला पंचा आहेच.

हात कुठे धरावेत? आमच्या वेळी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, असे शिकवत. चाक जड होते तेव्हा ते बरोबर होते, वरून ओढायला जोर मिळे. आता चाक हलके आहे आणि मध्ये एअरबॅग आहे (आपल्याकडे चालकासाठी ती जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली). ती फुटली तर वर धरलेले हात तोंडावर आदळू शकतात. म्हणून अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था नऊ आणि तीनच्या जागा सुचवते. खांद्यालाही तेच बरे, कारण हात खाली आणि कोपर अंगाजवळ राहतात. पकड हलकी ठेवावी, चिमणी धरावी तशी. सिग्नलला थांबलात की खांदे एकदा कानापर्यंत उचलून सोडून द्यावेत. तासा-दीड तासाने उतरून चार पावले चालावे. चहाला थांबणे हा वेळेचा अपव्यय नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा!

एक इशारा. सगळी खांदेदुखी गाडीमुळे नसते. हात वर किंवा मागे जाईनासाच झाला, रात्री दुखून जाग येऊ लागली तर तो आखडलेला खांदा असू शकतो. बॉस्टनच्या कॉडमन या डॉक्टरांनी १९३४ साली त्याला 'फ्रोजन शोल्डर' हे नाव दिले. मधुमेहींना तो जास्त होतो. आणि हात किंवा खांदा दुखताना छाती भरून आली, घाम फुटला, तर पंचा-बिंचा काही नको. गाडी बाजूला घ्यावी, मदत मागावी आणि थेट रुग्णालय गाठावे.

'अंग दुखते' म्हणणाऱ्या चालकाला आपण पटकन नाजूक ठरवतो. त्याच्या दुखण्यामागे उंच खिडकी आहे, लांबलेला तास आहे, कुणीतरी कधीतरी न परवडणारा म्हणून बाजूला ठेवलेला उपाय आहे. पुढच्या वेळी दूरच्या प्रवासाला भाड्याची गाडी कराल तेव्हा ठरल्या वेळेत अर्धा तास आपणहून वाढवून द्या आणि चालकाला म्हणा, "दादा, दोन तासांनी थांबू या, आम्हालाही पाय मोकळे करायचे आहेत." त्याला स्वतःला हे म्हणता येत नाही.